येवल्याचा वॉर्ड

८ जुलै २०२३. राष्ट्रवादी काँग्रेस फुटून जेमतेम सहा दिवस झाले होते. अजित पवारांबरोबर शपथ घेतलेल्यांत छगन भुजबळ होते. फुटीनंतरची पहिली जाहीर सभा शरद पवार कुठे घेणार, याची चर्चा चालू होती. ते पुण्याला जाऊ शकत होते, बीडला जाऊ शकत होते. ते आले येवल्याला. माणूस निवडताना आपला अंदाज चुकला, त्याची माफी मागायला आलो आहे, अशा अर्थाचं ते तिथे बोलले.

मला त्या सभेत भाषणापेक्षा जागेची निवड जास्त बोलकी वाटली. भुजबळांचा जन्म नाशिकचा, पण राजकारण सगळं मुंबईचं. माझगाव, भायखळा, महापालिकेचं सभागृह. येवल्याशी त्यांचा संबंध आला तो २००४ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. आणि एकोणीस वर्षांनी त्यांना धडा शिकवायचा तर तो येवल्यातच शिकवावा लागेल, असं पवारांसारख्या माणसाला वाटलं. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, पाण्याला कायम तरसलेल्या या तालुक्यात मुंबईचा माणूस इतका रुजला कसा? आणि ज्या पद्धतीने तो येवल्यात रुजला, ती पद्धत येवल्याबाहेर का चालली नाही? या प्रकरणात मला एवढंच पाहायचं आहे. बाकी भुजबळांवर लिहायला पुष्कळ आहे, आणि ते लिहिणारेही पुष्कळ आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भुजबळ उपमुख्यमंत्री झाले, पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले, ओबीसींचे राज्यभराचे नेते झाले, पण कामाची रीत त्यांनी नगरसेवकाचीच ठेवली. येवला हा त्यांचा मतदारसंघ कधी नव्हताच. तो त्यांचा वॉर्ड होता.

सही नसलेला माणूस

भुजबळ भायखळ्याच्या भाजी बाजारातून आले. व्हीजेटीआयमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, घरी भाजीचा धंदा. शिवसेनेच्या सुरुवातीच्या पिढीतले कार्यकर्ते. १९७३ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून आले. पुढे सभागृहात विरोधी पक्षनेते आणि १९८५ मध्ये महापौर. त्यानंतर आणखी एकदा महापौर. १९८५ च्या विधानसभेत शिवसेनेचा एकच आमदार निवडून आला, तो माझगावचा भुजबळ.

आता मुंबईचा नगरसेवक म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. मुंबई महापालिका चालते १८८८ च्या कायद्यावर. त्या कायद्याने कारभाराची सूत्रं आयुक्तांच्या हातात दिली आहेत. महापौर सभागृह चालवतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, आणि त्या काळात तर त्याची मुदत वर्षाचीच असे. पैशाच्या चाव्या स्थायी समितीकडे. उरलेल्या नगरसेवकांकडे काय? काहीच नाही. नगरसेवकाच्या सहीने एक बल्बही बदलत नाही. त्याला सगळं दुसऱ्याच्या सहीने करून घ्यावं लागतं. वॉर्ड ऑफिसमध्ये जाऊन बसायचं, कनिष्ठ अभियंत्याचा पाठपुरावा करायचा, एस्टिमेट कोणत्या टेबलावर अडलं ते शोधायचं, सभागृहात हरकतीचा मुद्दा काढून प्रशासनाला घाम फोडायचा, आणि काम झालं की लोकांना ते आपल्यामुळे झालं हे दिसेल असं बघायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

हे शिक्षण कुठल्याही विद्यापीठात मिळत नाही. थेट आमदारकीवर आलेल्या पुढाऱ्यात आणि नगरसेवकी करून आलेल्या पुढाऱ्यात फरक दिसतो तो इथे. पहिला अधिकाऱ्याला फोन करून हुकूम सोडतो आणि विसरतो. दुसऱ्याला माहीत असतं की हुकमाने काही होत नाही, फाईलचा नंबर लागतो. नाशिकमध्ये गेली पंचवीस-तीस वर्षं मी दोन्ही जातीचे पुढारी पाहतो आहे. दुसऱ्या जातीचे लोक मीटिंगमध्ये कंटाळवाणे वाटतात, कारण ते प्रशासकीय मान्यतेच्या तारखा विचारत बसतात. पण कामं त्यांचीच होतात.

शिवसेनेतल्या दिवसांत भुजबळांची जनमानसातली ओळख मात्र याच्या अगदी उलट होती. १९८६ मध्ये सीमाप्रश्नाच्या आंदोलनात वेषांतर करून बेळगावात घुसणारा, आक्रमक बोलणारा, रस्त्यावरचा माणूस. वेषांतराची गोष्ट अजून रंगवून सांगितली जाते. फाईलीची गोष्ट कोण सांगणार?

माझगाव गेलं

डिसेंबर १९९१ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात त्यांनी शिवसेना फोडली. अठरा आमदारांच्या सह्या असल्याचं सांगितलं गेलं, त्यातले बरेच लगोलग परतले. कारण काय, यावर दोन मतं आहेत. विरोधी पक्षनेतेपद मनोहर जोशींकडे गेल्याची खदखद, आणि मंडल आयोगाच्या प्रश्नावर सेनेची भूमिका न पटणं. मला वाटतं दोन्ही खरं असावं, माणसं एकाच कारणाने घर सोडत नाहीत. ते काँग्रेसमध्ये गेले, मंत्री झाले, ओबीसींची समता परिषद काढली.

आणि १९९५ मध्ये माझगावात हरले. शिवसेनेच्या बाळा नांदगावकरांनी त्यांना पाडलं. बावीस वर्षं ज्या गल्ल्यांत काम केलं, तिथे. या पराभवाकडे प्रकरणाच्या दृष्टीने थांबून बघायला हवं. कामाचा माणूस असणं एका मर्यादेपर्यंतच वाचवतं. लोकांच्या मनात पक्ष आणि अस्मिता एकदा कामाच्या वर चढली की नळाचं पाणी, गटाराचं झाकण, शाळेचा दाखला, सगळं खाली जातं. माझगावच्या मतदाराला भुजबळ नालायक वाटले नव्हते, गद्दार वाटले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे येवल्यात ती वेगळ्या रूपात परत येते.

मग विधान परिषद, तिथलं विरोधी पक्षनेतेपद, १९९९ मध्ये राष्ट्रवादीची स्थापना, पहिलं प्रदेशाध्यक्षपद आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये उपमुख्यमंत्रिपद, गृहखात्यासह. जुलै २००० मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या अटकेची कारवाई याच गृहमंत्र्याच्या काळात झाली. डिसेंबर २००३ मध्ये, बनावट मुद्रांकांचं तेलगी प्रकरण तापलेलं असताना, एका मराठी वाहिनीच्या कार्यालयावर झालेल्या हल्ल्यानंतर त्यांना राजीनामा द्यावा लागला. २००४ च्या निवडणुकीच्या तोंडावर त्यांच्याकडे मोठं नाव होतं आणि उभं राहायला स्वतःची जमीन नव्हती.

बाहेरचा

नाशिक जिल्ह्याला बाहेरचा माणूस नवीन नाही. यशवंतराव चव्हाण १९६२ मध्ये दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले आणि १९६३ मध्ये लोकसभेवर नाशिकमधून बिनविरोध निवडून आले होते. अर्थात ती वेळ वेगळी होती, आणि यशवंतरावांना इथे रस्ते बांधत बसायचं नव्हतं.

येवला म्हटलं की बाहेरच्या माणसाला पैठणी आठवते. तात्या टोपेंचं हे गाव. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा इथे केली. संक्रांतीला तीन दिवस आख्खं गाव पतंग आणि आसाऱ्या घेऊन गच्चीवर असतं. पण येवल्याचा आमदार व्हायचं तर या सगळ्याच्या आधी पाणी कळावं लागतं. नाशिक जिल्ह्याचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे बघितला तर पाऊस डोळ्यांदेखत आटत जातो. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, येवल्याला पाचशेच्या आसपास. तालुक्याला कडवा नदीवरच्या पालखेड धरणाच्या डाव्या कालव्याचा आधार, आणि येवला त्या कालव्याच्या शेपटाकडे. शेपटाकडचा शेतकरी आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याची, तारीख जशी पाठ ठेवतो तशी लग्नाचीही ठेवत नाही. वरचे लोक पाणी उचलतात, खालच्यांच्या चाऱ्या कोरड्या राहतात, हे भांडण पिढीजात आहे.

अशा तालुक्यात २००४ मध्ये भुजबळ उभे राहिले आणि शिवसेनेच्या कल्याणराव पाटलांना हरवून निवडून आले. नशिबाने किंवा धोरणाने त्यांच्याकडे सार्वजनिक बांधकाम खातं आलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीने कामं करून घेतलेल्या माणसाच्या हातात सहीच आली, असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्या दहा वर्षांत जे घडलं ते नगरसेवकाच्या डोक्याने घडलं. विंचूर चौफुलीपासून चहूकडे जाणारे रस्ते, शासकीय इमारती, अडतीस गावांची पाणीपुरवठा योजना, धर्मांतराची घोषणा झाली त्या मुक्तिभूमीवरचं स्मारक. यातली कामं नीट बघा. जवळजवळ प्रत्येक काम डोळ्यांना दिसणारं आहे. रस्ता दिसतो, इमारत दिसते, कमान दिसते. शाळेतल्या शिक्षकांच्या रिक्त जागा भरल्या तर त्या दिसत नाहीत. वॉर्डात हेच शिकवलं जातं. टीकाकार म्हणतात की तालुक्यात उद्योग आले नाहीत, तरुण नाशिक-पुण्याला जातोच आहे. टीका बरोबर आहे. पण उद्योग आणणं हे नगरसेवकाच्या कोष्टकात बसत नाही, आणि तिथेच या पद्धतीची पहिली भिंत लागते.

दुसऱ्या बाजूला, अवघड कामाला चिकटून राहणं हा त्याच पद्धतीचा गुण. मांजरपाडा घ्या. दिंडोरी तालुक्यातल्या डोंगरात पश्चिमेला, गुजरातच्या दिशेने वाहून जाणारं पाणी बोगद्यातून पूर्वेला वळवायचं, ते उनंदा नदीतून पुणेगाव धरणात, तिथून कालव्याने चांदवड तालुक्यातल्या दरसवाडीला, आणि तिथून पुढे येवल्यातल्या डोंगरगावच्या दिशेने. कागदावर हे एका वाक्यात मावतं. प्रत्यक्षात बोगदा, भूसंपादन, सुधारित प्रशासकीय मान्यता, निधी, कालव्याचं अस्तरीकरण, आणि प्रत्येक टप्प्यावर वरच्या गावांचा आक्षेप. सरकारं बदलली, भुजबळ स्वतः मंत्रिमंडळाबाहेर गेले, तुरुंगात गेले, बाहेर आले. २०१९ च्या पावसाळ्यात बोगद्यातून पाणी आलं आणि त्यांनी जलपूजन केलं. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती, हेही सांगायला हवं. कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पाणी न्यायची झटापट त्यानंतरही चाललीच. पण पंधराएक वर्षं एकाच फाईलीच्या मागे राहणं हे आमदारांच्या जातीचं लक्षण नाही. नगरसेवक मात्र एका पाइपलाइनसाठी तीन टर्म घालवतो.

२००९, २०१४ आणि २०१९, तिन्ही वेळा येवल्याने त्यांना निवडून दिलं. २०१४ मध्ये राज्यभर राष्ट्रवादीची पडझड झाली तरी येवला टिकलं. २०१६ च्या मार्चमध्ये अंमलबजावणी संचालनालयाने त्यांना अटक केली, मे २०१८ मध्ये जामीन मिळाला. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनाच्या बांधकामाच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. पण २०१९ च्या मतदानाच्या वेळी तो निकाल दूर होता, माणूस जामिनावर होता, आणि येवल्याने छप्पन्न हजारांहून अधिक मताधिक्याने त्याला पाठवलं. कुणाला हे पटो न पटो, मतदाराने हिशेब वेगळ्या वहीत मांडला होता.

नकाशाची गंमत

मग याच माणसाला २०१४ च्या लोकसभेला नाशिकमध्ये सुमारे एक लाख सत्त्याऐंशी हजार मतांनी हार का पत्करावी लागली?

सगळे एका शब्दात उत्तर देतात, मोदी लाट. लाट होतीच. पण मला त्याहून नकाशा महत्त्वाचा वाटतो. २००८ च्या पुनर्रचनेनंतर येवला विधानसभा नाशिक लोकसभेत राहिली नाही, ती अनुसूचित जमातींसाठी राखीव दिंडोरीत गेली. नाशिक लोकसभेत आहेत नाशिक शहराचे पूर्व, मध्य आणि पश्चिम, शिवाय देवळाली, सिन्नर आणि इगतपुरी. म्हणजे ज्या मतदाराच्या दारात भुजबळांनी दहा वर्षं रस्ता नेला, त्याला भुजबळांना मत देताच येत नव्हतं. आणि ज्याला देता येत होतं, त्या सिडकोतल्या, इंदिरानगरातल्या मतदाराशी त्यांचं नातं पालकमंत्र्याचं होतं. उड्डाणपूल, ओझरची विमानतळ इमारत, गंगापूर धरणावरचा बोट क्लब. मोठी कामं. पण पुलाखालून रोज जाणाऱ्या माणसाला पूल कुणाचा हे आठवत नाही. गल्लीतला दिवा कुणी लावला हे आठवतं.

२००९ मध्ये इथूनच त्यांचे पुतणे समीर भुजबळ निवडून आले होते, तेही बावीस हजारांच्या आसपासच्या मताधिक्याने. समोर मनसेकडून हेमंत गोडसे होते. २०१४ मध्ये तेच गोडसे शिवसेनेकडून उभे राहिले आणि काकांना हरवलं. गोडसेही स्थानिक स्वराज्य संस्थांतूनच वर आलेले. २०१९ मध्ये त्यांनी पुन्हा समीर यांना पाडलं. २०२४ मध्ये महायुतीकडून स्वतः छगन भुजबळांचं नाव बरेच दिवस चाललं, शेवटी त्यांनीच माघार घेतली. तोपर्यंत जिल्ह्यातलं वातावरण असं होतं की माघार शहाणपणाची ठरली. त्या निवडणुकीत नाशिकमध्ये गोडसे हरले आणि शेजारच्या दिंडोरीत भारती पवारही.

वॉर्डाची पद्धत चालते ती जिथे पुढारी आणि मतदार एकमेकांना वर्षानुवर्षं बघतात तिथे. सहा विधानसभांच्या मतदारसंघात ती विरघळते. पालकमंत्र्याला सगळा जिल्हा मिळतो आणि त्यातली एकही गल्ली मिळत नाही.

मधल्या काळातली एक छोटी गोष्ट इथेच सांगतो, कारण ती याच स्वभावाची आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये भुजबळ उद्धव ठाकरेंच्या मंत्रिमंडळात आले, जुनं भांडण मागे ठेवून. खातं अन्न व नागरी पुरवठा. राजकीय वजनाच्या मानाने दुय्यम समजलं जाणारं. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन सुरू झालं: दहा रुपयांत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. टाळेबंदीत ते पाच रुपयांवर आणलं गेलं. योजना आघाडी सरकारची, पण तिच्या चपातीचं वजन ग्रॅममध्ये ठरवलेलं होतं. बाजारात भाजी तोललेल्या माणसाच्या हाताखाली असं खातं जाणं मला योग्य वाटलं.

माझगाव परत येतं

१ सप्टेंबर २०२३ ला आंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं. कुणबी नोंदींच्या आधारे मराठ्यांना ओबीसीतून प्रमाणपत्रं द्यायला भुजबळांनी मंत्रिमंडळात असूनही जाहीर विरोध केला. नोव्हेंबरमध्ये अंबडला ओबीसींची मोठी सभा घेतली. त्या सभेच्या आदल्या दिवशीच मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, हे त्यांनी काही महिन्यांनी सांगितलं.

राज्याच्या पातळीवर ही त्यांची सर्वांत ठाम भूमिका होती. येवल्याच्या पातळीवर तिचा अर्थ वेगळा होता. तालुक्यात मराठा मतदार मोठा आहे. भुजबळांची बेरीज नेहमीच माळी, वंजारी, दलित, मुस्लिम, विणकर समाज आणि कामामुळे जोडलेला मराठा, अशी होती. यातला शेवटचा घटक वीस वर्षांच्या रस्त्यांनी आणि पाण्याने जोडला होता. अवकाळीच्या नुकसानीची पाहणी करायला ते तालुक्यात गेले तेव्हा त्यांना काळे झेंडे दाखवले गेले. एरवी पंचनाम्याला आलेल्या आमदाराला शेतकरी बांधावर नेऊन दाखवतो.

त्यात कांदा. येवला मतदारसंघात निफाड तालुक्यातलं लासलगाव येतं. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी. निर्णय दिल्लीचे, पण लिलाव बंद पडतात लासलगावात. आणि भुजबळ आता दिल्लीतल्या सत्तेच्या बाजूला होते.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला समोर माणिकराव शिंदे होते. २००९ मध्ये ते शिवसेनेकडून भुजबळांविरुद्ध लढले होते, आता शरद पवारांच्या पक्षाकडून. भुजबळ जिंकले. पण मताधिक्य छप्पन्न हजारांवरून सव्वीस हजारांवर आलं. राज्यात महायुतीला प्रचंड बहुमत मिळालं त्या निवडणुकीत. माझगावात जे एका झटक्यात झालं ते येवल्यात अर्ध्यावर थांबलं, एवढाच फरक. तो अर्धा कशाने थांबला, यावर तालुक्यात दोन मतं ऐकू येतात. काहींच्या मते ओबीसी मतं एकगठ्ठा झाली. काहींच्या मते जुनी कामं उपयोगी पडली. मी दुसऱ्या मताकडे झुकतो, पण आकड्यांनी ते सिद्ध करता येणार नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला मंत्रिमंडळाचा विस्तार झाला आणि भुजबळांना वगळलं गेलं. ते उघड नाराज झाले. मे २०२५ मध्ये त्यांना परत घेतलं, खातं तेच, अन्न व नागरी पुरवठा. नाशिकचं पालकमंत्रिपद तोवर सिंहस्थाच्या तोंडावर तिघा-चौघांच्या ओढाताणीत अडकलेलं होतं.

शिडी

हे प्रकरण नाशिकच्या आजच्या तरुण कार्यकर्त्याला सांगितलं तर तो एक साधा प्रश्न विचारतो: मी १९७३ कुठून आणू?

प्रश्न खरा आहे. मुंबईत भुजबळ निवडून आले ते एका वॉर्डातून, एकटे. नाशिक महापालिका १९८२ मध्ये झाली, पण पहिली निवडणूक व्हायला १९९२ उजाडलं, तोवर प्रशासक. २०१२ मध्ये दोन सदस्यांचे प्रभाग आले, २०१७ मध्ये बहुतेक ठिकाणी चारांचे. चार जणांच्या प्रभागात माणूस निवडून येत नाही, पॅनेल येतं. गटाराचं झाकण कुणी बसवलं याचं श्रेय चौघांत वाटलं जातं, किंवा चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. भुजबळांची अख्खी रीत ज्या एका गोष्टीवर उभी आहे, काम आणि नाव यांची गाठ, तीच तिथे सुटते.

आणि मग मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचे बदल, यांत निवडणुका अडकल्या. महिने लोटले, मग वर्षं मोजायला लागली. जवळजवळ चार वर्षं नाशिकच्या एकशे बावीस जागांवर एकही नगरसेवक नव्हता. जे आरक्षण महाराष्ट्रात १९९४ पासून लागू झालं आणि ज्यासाठी भुजबळ तीस वर्षं भांडले, त्याच आरक्षणाचा निकाल लागेपर्यंत शिडीची पहिली पायरी बंद होती. त्या काळात पाणी, दिवा, खड्डा घेऊन लोक आमदारांच्या कार्यालयात जायचे. आमदारांचे पीए तक्रारी वहीत लिहून घ्यायचे, आणि प्रभागातले माजी नगरसेवक, सही नसलेले आणि आता पदही नसलेले, त्याच कार्यालयाच्या बाहेर खुर्च्यांवर बसून असायचे.